स्वतंत्र पक्ष : ४४ खासदारांवरून ८ वर, आणि मग गायब. नक्की झालं काय?

जुना_कागद
परवा जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, १९६७च्या लोकसभेत काँग्रेसखालोखाल सगळ्यात जास्त खासदार कोणाचे? एकानं जनसंघ म्हटलं, दुसऱ्यानं कम्युनिस्ट. राजकारणावर तासन्‌तास भांडणारी माणसं ही, पण स्वतंत्र पक्षाचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. ४४ खासदार होते. जनसंघाचे ३५.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी १९५९मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. बांध मोडा आणि जमीन एकत्र कसा, असा त्याचा रोख. त्यावरच्या नाराजीतून त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला या पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पहिली परिषद भरली. संस्थापक राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, तेव्हा ऐंशीचे. सोबत मिनू मसानी, शेतकरी नेते एन. जी. रंगा (हे अध्यक्ष), कन्हैयालाल मुन्शी आणि संस्थानांच्या विलीनीकरणात सरदार पटेलांचा उजवा हात असलेले व्ही. पी. मेनन. निवडणूक चिन्ह तारा. १९६२ला १८ खासदार, १९६७ला ४४, १९७१ला ८. १९७४ला चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन. पंधरा वर्षांत खेळ आटोपला.

माझं मत सांगतो, मग तुम्ही सोला. विचार लोकांना पटला नाही म्हणून हा पक्ष संपला, असं सरसकट म्हटलं जातं. मला वाटतं त्याची मतं त्याची स्वतःची नव्हतीच. ती जयपूरच्या महाराणीची होती, रामगढच्या राजाची होती, ओडिशातल्या गडजात संस्थानिकांची होती. धनी उठून गेला की मतं त्याच्यामागे गेली. पटतंय का? आणि दुसरा प्रश्न, पहिली परिषद मुंबईत भरवूनही महाराष्ट्रात यांचं बस्तान कधी बसलंच नाही, ते का?

तिरकस
पहिला! जागा धरून ठेवतो, मत मागाहून.

रेवा_के
जुका, धागा छान, पण निम्मंच पटलं. गुजरातचं काय करणार? १९६७ला १६८ पैकी ६६ आमदार आले तिथे, ते काय राजेमहाराजांनी निवडून आणले? तिथला नेता म्हणजे भाईलालभाई पटेल, सगळे त्यांना भाईकाका म्हणत. पेशानं इंजिनियर, वल्लभ विद्यानगर उभं करणारा माणूस. त्यांच्यामागे उभा राहिला तो चरोतरचा पाटीदार. स्वतःची जमीन, स्वतःची विहीर, तंबाखूचं पीक आणि कर्ज काढून बांधलेलं घर. बांध मोडायला येणार म्हटल्यावर तो बिथरणारच. सोबतीला क्षत्रिय सभा आली, म्हणजे ज्यांचं पाटीदारांशी पिढ्यान्‌पिढ्या पटत नव्हतं ते.

माझं माहेर आणंदजवळचं. आजोळच्या भिंतीवर गेरूनं काढलेला तारा बरीच वर्षं तसाच होता, वर दोनदा चुना मारला तरी खालून दिसायचा. त्या घरात राजा कोणी नव्हता, पंचवीसेक बिघे होते.

आडवळण
पंचवीस बिघे म्हणजे त्या काळी गावात राजाच की, रेवाताई :)

रेवा_के
तुम्ही एकदा तंबाखू खुडून बघा, मग राजा कसा असतो ते बोलू.

आडवळण
बरं, गंमत बाजूला. पण या धाग्यात गळे काढायला सुरुवात होण्याआधी एवढं नोंदवून ठेवा की नेहरूंनी या पक्षाला मध्ययुगातल्या सरदारांचा, गढ्यांचा आणि जमीनदारांचा पक्ष म्हटलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. बिहारमध्ये १९६२ला ५० आमदार आले, कारण रामगढच्या राजानं आपला अख्खा पक्षच यात आणून ओतला होता. ओडिशात गणतंत्र परिषद म्हणजे माजी संस्थानिकांचा पक्ष, तोही आत. १९७०ला माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे रद्द करण्याचा विषय आला तेव्हा हे कोणाच्या बाजूनं उभे राहिले? ज्या देशात कुळांना नुकती कुठे जमीन मिळत होती तिथे 'मालमत्तेचा हक्क' ही घोषणा ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याच कामाची. बाकीच्यांनी तारा बघायला आकाशाकडे बघावं.

जुना_कागद
आडवळण, रामगढचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. राजेसाहेब दोन-तीन वर्षांत निघून गेले आणि १९६७ला बिहारमध्ये पक्षाचे आमदार बोटांवर मोजण्याइतके उरले. त्याहून भारी उदाहरण देतो. १९६७ला विजयाराजे शिंदे गुण्यातून लोकसभेला स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर निवडून आल्या आणि त्याच वेळी करेऱ्यातून विधानसभेला जनसंघाच्या तिकिटावर. दोन्हीकडे! मतदारानं शिक्का नक्की कशावर मारला, ताऱ्यावर, पणतीवर की राजमातेवर?

रेवा, गुजरातचा मुद्दा मान्य. तिथला पाया वेगळा होता.

बारा_गावचा
महाराष्ट्राच्या प्रश्नावर लिहितो, कारण जन्म याच राजकारणात गेला.

एक म्हणजे मुहूर्त. ऑगस्ट १९५९ला मुंबईत परिषद भरली तेव्हा मराठी माणसाच्या डोक्यात एकच विषय होता, संयुक्त महाराष्ट्र. मुंबई मिळणार की नाही हा जीवनमरणाचा प्रश्न असताना फोर्टातली पारशी-गुजराती कारखानदार मंडळी नव्या पक्षाची स्थापना करतात, तर शिवाजी पार्कवरचा माणूस तिकडे कोणत्या नजरेनं बघेल?

त्याहून मोठं कारण गावातलं. आपल्याकडे १९४९ला खोती गेली. कुळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ला कृषकदिन ठरवून कसणाऱ्याला मालक धरलं. म्हणजे पक्ष जन्मला त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी सातबाऱ्यावर हजारो कुळांची नावं मालक म्हणून चढत होती. ज्याचं नाव चढलं तो काँग्रेसचा झाला. ज्याचं उतरलं त्यातले बरेच आधीच गाव सोडून पुण्या-मुंबईला नोकरीत गेले होते, त्यांच्याकडे गावात मतं नव्हती. मग मालमत्तेच्या रक्षणाची हाक घालायची कोणाला?

आणि सहकार. प्रवरेचा साखर कारखाना १९५०पासून चालू झालेला. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या वाटेनं जिल्ह्याजिल्ह्यात कारखान्यांचे भागभांडवल गोळा होत होतं. राजाजींचा विरोध बांध मोडणाऱ्या सहकारी शेतीला होता, ऊस गाळणाऱ्या सहकाराला नव्हता. पण बागायतदाराला एवढं बारीक कोण समजावणार? त्याला ऐकू आलं ते एवढंच, की हे लोक सहकाराच्या विरोधात आहेत. यशवंतरावांनी तो वर्ग अलगद काँग्रेसमध्ये बांधून घेतला. विरोध करायचाच असेल तर शेकाप होताच, तो मातीतला आणि भाकरीची भाषा बोलणारा.

सातारी_कंदी
+१ बारा_गावचा. शिवाय यांच्याकडे मराठी माणूस नव्हता असंही नाही. नारायण दांडेकर घ्या. आयसीएस, लोकसभेत अर्थसंकल्पावर बोलायला उठले की मंत्री कागद चाळायला लागत म्हणे. पण खासदार कुठून? आधी उत्तर प्रदेशातल्या गोंड्यातून, तोही निवडणूक खटला जिंकून, आणि १९६७ला जामनगरमधून. पक्षाला आपल्या बिनीच्या मराठी माणसासाठी महाराष्ट्रात एक सुरक्षित मतदारसंघ सापडला नाही. यातच सगळं आलं.

मधली_सुट्टी
पिलू मोदींशिवाय हा धागा अपुरा. इंदिराबाई ऊठसूट परकीय हात आणि सीआयएचं नाव घेत, तेव्हा हा धिप्पाड माणूस 'मी सीआयएचा एजंट आहे' असा फलक गळ्यात अडकवून संसदेत आला होता. पेशानं वास्तुविशारद, गोध्र्याचे खासदार, आणि शाळेतला जिगरी दोस्त कोण तर झुल्फिकार अली भुट्टो. आज असा फलक घालून कोणी आला तर संध्याकाळपर्यंत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी होईल.

तिरकस
आज फलक घालायची गरज नाही. बाकीचेच घालतात गळ्यात.

पत्र्याचा_डबा
मी जरा कारखान्याच्या बाजूनं लिहितो. परमिट-लायसन्स-कोटा राज हे शब्द राजाजींचे, पण ते म्हणजे रोज काय असतं हे आमच्या घरात बघितलंय. वडिलांचं छोटं प्रेसचं वर्कशॉप होतं, पत्र्याचे डबे आणि झाकणं. पत्रा बाजारात मिळत नसे, कोट्यावर मिळे. बाहेरून काही मागवायचं तर आधी एसेन्शियालिटी सर्टिफिकेट, म्हणजे हा माल तुम्हाला खरोखर लागतो असा सरकारी दाखला. तो मिळवायला साहेबाची तपासणी. साहेब येऊन बघणार मशीन किती, कामगार किती, मग क्षमता ठरणार, मग त्या क्षमतेच्या काही टक्के कोटा. शेजारच्या गाळ्यात एक गृहस्थ होते. मशीन एकच, ते पण गंजलेलं, पण कोटा आमच्याहून जास्त. ते माल बनवतच नसत. कोट्याचा पत्रा आला की तसाच्या तसा वरच्या भावानं विकून मोकळे. आमचे वडील त्यांच्याकडूनच घ्यायचे! आणि मतदान? वडिलांचं काँग्रेसला. विचारलं तर म्हणायचे, कोटा कोणाच्या हातात आहे ते बघून मत द्यायचं असतं.

स्वतंत्र पक्षाची खरी गोची ही होती. ज्याला लायसन्स मिळालं त्याला ते राज हवंच होतं, कारण त्याच्या समोर दुसरा कोणी कारखाना काढू शकत नव्हता. ज्याला मिळालं नाही त्याच्याकडे वर्गणी द्यायला पैसे नव्हते.

रेवा_के
पत्र्याचा_डबा, प्रतिसाद आवडला. जे. आर. डी. टाटांनी तर नेहरूंना सरळ पत्र लिहून कळवलं होतं की आम्ही स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहोत. काँग्रेसला देत होतेच. टाटांनाही दोन्ही दरडींवर पाय ठेवावा लागत असेल तर बाकीच्या शेठजींची काय कथा. आणि १९६९ला कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावरच बंदी आली. उघड चेकनं पैसे घेणारा पक्ष त्यात मेला. ज्यांचं सगळं रोखीत चालायचं त्यांना काय फरक पडणार होता?

आडवळण
पण हा पक्ष होता कोण? 'उदारमतवादी' म्हणून आजकाल जी आरती चालते ती मला कळत नाही. ओडिशात १९६७ला राजेंद्र नारायण सिंग देव यांचं सरकार आलं, स्वतंत्र आणि काँग्रेसमधून फुटलेली जन काँग्रेस यांचं. हा या पक्षाचा एकमेव मुख्यमंत्री. त्या सरकारनं काय केलं? धर्मांतराला आळा घालणारा देशातला पहिला राज्य कायदा त्याच वर्षी आणला. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा पक्ष म्हणवायचं आणि माणसानं कोणाचं नाव घेऊन प्रार्थना करावी यात सरकारनं लक्ष घालायचं. राजाजी स्वतः कट्टर दारूबंदीवाले. यात नक्की 'स्वतंत्र' काय?

वाचनवेडी_मृ
आडवळण यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण मला तोच या पक्षाचा सगळ्यात वाचनीय भाग वाटतो. एका टोकाला मसानी. १९३४ला काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांपैकी एक, पुढे समाजवादाचे पक्के विरोधक, राहणी पूर्ण पाश्चात्त्य. दुसऱ्या टोकाला गीता-उपनिषदांवर लिहिणारे राजाजी, ज्यांना धर्मानं बांधलेला समाज हवा होता आणि म्हणूनच त्यात सरकारची लुडबूड नको होती. मध्ये रंगा, शेतकऱ्याच्या पलीकडे फारसं न बघणारे. मूळ तत्त्वं २१ कलमांत लिहिली आणि त्याबाहेरच्या प्रत्येक विषयावर सदस्यानं आपापलं मत ठेवावं, अशी मुभाच दिली. कागदावर वाचायला फार सुंदर. प्रचारात मात्र एका गावात एक बोलणार आणि शेजारच्या गावात दुसरा.

मद्रासचा तर कळसच. १९३७ला शाळांत हिंदी आणणारे राजाजी साठच्या दशकात हिंदीच्या विरोधात उभे राहिले आणि १९६७ला द्रमुकशी युती केली. एका हातानं जानवं धरा आणि दुसऱ्या हातानं द्रमुकला मत द्या, असं त्यांनी ब्राह्मणांना सांगितल्याची गोष्ट अजून सांगतात. द्रमुक एकट्याच्या बळावर सत्तेवर आला आणि यांचे २० आमदार विरोधी बाकांवर गेले. पुढे १९७१ला त्याच द्रमुकनं दारूबंदी उठवली तेव्हा नव्वदी पार केलेले राजाजी ती उठवू नका म्हणून सांगायला गेले होते.

तिरकस
युतीत पोळलेला नेता ही जमात तेव्हापासूनची म्हणायची. आता मत देतो : आकडे बघा. १९६७ला जनसंघाला ९ टक्क्यांहून जास्त मतं आणि ३५ जागा. स्वतंत्रला साडेआठ टक्क्यांच्या आसपास आणि ४४ जागा. म्हणजे मतं ठरावीक पट्ट्यांत साठलेली, तिथे आमदार-खासदार घाऊक. बाहेर शुकशुकाट. १९७१च्या लाटेत जनसंघ २२वर आला आणि टिकला, हे ८वर आले आणि संपले. फरक संघाच्या शाखेचा. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी अंथरणारा माणूस एकाकडे होता. दुसऱ्याकडे होते निवृत्त आयसीएस, आणि ते सकाळी फिरायला जात.

सातारी_कंदी
हाहा, शेवटचं वाक्य!

पण १९७१ची लाट एकट्या 'गरिबी हटाओ'ची नव्हती. यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. संघटना काँग्रेस (काँग्रेस फुटल्यावरचा इंदिराविरोधी गट), जनसंघ, स्वतंत्र आणि संसोपा (संयुक्त सोशालिस्ट पक्ष) अशी बडी आघाडी केली. संसोपा! लोहियांचे चेले, ज्यांना खाजगी मालमत्तेचं नाव काढलं की ठसका लागे. बारा वर्षं समाजवादाविरुद्ध लढलात आणि ऐन वेळी समाजवाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसलात, तर मतदारानं वेगळा पक्ष म्हणून तुम्हाला का निवडावं? मसानी स्वतः राजकोटला पडले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं. त्याआधी हेच मसानी सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे पहिले विरोधी पक्षातले अध्यक्ष झाले होते. तो पायंडा आजही चालू आहे, पण आठवण कोणाला?

नवी_पाटी
भाबडा प्रश्न : बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध कोर्टात गेलेले आर. सी. कूपर याच पक्षाचे का?

वाचनवेडी_मृ
हो, पक्षाच्या वर्तुळातलेच. जुलै १९६९ला १४ बँका घेतल्या, फेब्रुवारी १९७०ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला, वकील नानी पालखीवालांनी युक्तिवाद केला होता. पण काही दिवसांत नवा वटहुकूम आला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. तनख्यांचंही तसंच. डिसेंबर १९७०ला कोर्टात जिंकले, १९७१ला तनखे रद्द करणारी २६वी घटनादुरुस्ती आली. या पक्षाचं हे नेहमीचंच, कोर्टात जिंकायचं आणि मैदानात हरायचं.

बारा_गावचा
विलीनीकरणावर कोणी लिहिलं नाही म्हणून. १९७२च्या नाताळात राजाजी गेले. रंगा काँग्रेसमध्ये परतले. १९७४ला पिलू मोदी पक्ष घेऊन लोकदलात गेले. मसानींना ते रुचलं नव्हतं. लोक याला शरणागती म्हणतात. पण १९५९ला नागपूरच्या अधिवेशनात संयुक्त शेतीच्या ठरावाला उभं राहून विरोध करणारे कोण होते? चरणसिंगच. त्या अर्थानं बांधाच्या बाजूची दोन माणसं पंधरा वर्षांनी एका बांधावर आली. दरम्यान काँग्रेसनं तो ठराव गुपचूप फडताळात टाकून दिला होता. जमीन सुधारणा कायद्यांना कोर्टापासून संरक्षण देणारी १९६४ची १७वी घटनादुरुस्ती आणि कमाल जमीनधारणा कायदे सोडले तर शेतकऱ्याला रोज भीती वाटावी असं काही उरलं नव्हतं. ज्या भीतीतून पक्ष जन्मला तीच गेली. जुका, तुमच्या 'उसन्या मतां'पेक्षा मला हे कारण मोठं वाटतं. चरोतरचा पाटीदार कोणाच्या दारी बांधलेला नव्हता, तरी तोही १९७१ला सुटलाच ना?

आणि महाराष्ट्रातल्या मूठभर लोकांनी विलीन व्हायला नकार दिला, हेही सांगायला हवं. १९८९पासून पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. या मंडळींनी नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं. जिथे कधी धड पाय रोवता आले नाहीत, तिथेच शेवटपर्यंत नाव चालवणारी माणसं निघाली.

नवी_पाटी
मग शरद जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष हा त्याचाच अवतार का?

बारा_गावचा
कागदोपत्री नाही, १९९४ला वेगळा काढलेला. विचारानं नातं आहे. पण जोशी चाकणच्या कांद्यातून आले, फोर्टातून नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा राजाजींना सुचली नसती आणि मसानींना उच्चारता आली नसती. राज्यसभेत गेल्यावर त्यांनी त्याच समाजवादाच्या शपथेविरुद्ध खाजगी विधेयक आणलं होतं. रस्त्यावर लाखभर शेतकरी बसवणाऱ्या या माणसाच्या पक्षालाही मतपेटीत कधी फारसं मिळालं नाही. तेव्हा फक्त संस्थानिकांना दोष देऊन भागणार नाही.

जुना_कागद
बारा_गावचा, पाटीदारांचा मुद्दा डोक्यात राहील. तरी एक विचारतो. १९९१ला लायसन्स राज मोडलं ते काँग्रेसनंच. त्याआधी १९७७ला जनता सरकारचे अर्थमंत्री झालेले एच. एम. पटेल तर मूळचे स्वतंत्रवाले. मग विचार जिंकला म्हणायचं का?

आडवळण
नाही. १९९१ला सोनं गहाण पडलं म्हणून लायसन्स गेलं, कोणी राजाजी वाचले म्हणून नाही. आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क घटनेतून काढला कोणी? ४४वी दुरुस्ती, १९७८, जनता सरकार. अर्थमंत्री तेव्हा हेच तुमचे पटेल.

पत्र्याचा_डबा
आमच्या शेजारच्या गाळेवाल्यांनी १९९१ नंतर गाळा विकला. कोटाच राहिला नाही तर करायचं काय. वडील मात्र पत्रा थेट मिलकडून घ्यायला लागले.

तिरकस
मग नंतर त्यांचं मत कोणाला?

पत्र्याचा_डबा
काँग्रेसलाच. सवय.

सातारी_कंदी
बारा_गावचा, शेकापवर असाच एक धागा काढा ना. जेधे-मोऱ्यांपासून.

बारा_गावचा
काढतो, पण आडवळण यांनी तिथे रेवाताईंचे बिघे मोजायचे नाहीत.